अंगणातला पहिला स्विमिंग पूल: अंदाजपत्रकात आधी काय धरायचं?

निळाई

घरामागे जमिनीत बांधलेला पूल करायचं ठरतंय. आतलं माप ८ मीटर बाय ४ मीटर, पाण्याची खोली एका टोकाला १.२ आणि दुसऱ्या टोकाला १.५ मीटर. पोहण्यापुरता, सूर मारायला नाही. आरसीसी की फायबरग्लास, हे अजून नक्की नाही. कोटेशनांमध्ये टाइल कुठली, दिवे किती रंगांचे, धबधबा हवा का, याचीच पानंच्या पानं आहेत आणि खोदकाम एका ओळीत उरकलंय. आकडा पक्का करण्याआधी कुठल्या बाबी सुट्या करून मागाव्यात? मापांत सांगितलंत तरी चालेल, दर ज्याचे त्याने लावावेत.

खणकर

ती एक ओळच पुढे भांडणाचं मूळ ठरते. तुमच्याच मापावर हिशोब करू.

पाणी: ८ × ४ × सरासरी १.३५ = ४३.२ घनमीटर, म्हणजे ४३,२०० लिटर.

खड्डा मात्र एवढाच नसतो. भिंत २०० मिमी, शटरिंग लावायला आणि काढायला बाहेरून ६०० मिमी मोकळी जागा. झाला ९.६ × ५.६ मीटर. खोलीत पाणी १.३५, पाण्यावरची कड ०.१५, राफ्ट (तळाचा सळईचा काँक्रीट स्लॅब) ०.२०, पीसीसी (त्याखालचं बिनसळईचं काँक्रीट) ०.१०, खाली खडीचा थर ०.१५. बेरीज १.९५ मीटर. खोदकाम साधारण १०५ घनमीटर, पाण्याच्या जवळपास अडीचपट.

खोदलेली माती फुगते. पंचवीस टक्के धरली तर ढीग १३० घनमीटरचा. बाहेरच्या मोकळ्या जागेत परत भरायला ठोकून ३३ घनमीटर लागते, म्हणजे सैल ४० च्या आसपास आवारातच ठेवायची. उरलेली ९० घनमीटर, दहा घनमीटरच्या डंपरने नऊ खेपा. परत भरायची माती मुरूम किंवा वाळूमिश्रित हवी. चिकणमाती निघाली तर ती सगळी बाहेर आणि भरावाचा माल विकत. तेव्हा ‘माती काढणे’, ‘माती हलवणे’, ‘भराव’ आणि ‘खडक लागल्यास फोडण्याचा दर’ या चार वेगळ्या ओळी मागा. खडकाचा दर कामाआधी लिहून घ्या. पोकलेन खड्ड्यात उभा असताना दर ठरवायला बसलात की समोरचा म्हणेल ती पूर्वदिशा.

आणखी एक, मशीन आत येणार कुठून? तीन मीटर रुंद वाट नसेल तर छोटं मशीन किंवा हातखोदाई, आणि मग दिवसांचा हिशोब पार बदलतो.

अर्धाइंच

वरच्यात भर. घराच्या पायाच्या तळापासून ४५ अंशांची रेषा खाली काढा. खड्डा त्या रेषेच्या आत शिरला तर पायाखालची माती सुटू शकते. पाया १ मीटर खोल आणि खड्डा २ मीटर असेल, तर पायाच्या कडेपासून खड्ड्याच्या कडेपर्यंत किमान १ मीटर, सैल मातीत त्याहून बरंच जास्त. सेप्टिक टँक, मोठी झाडं आणि डोक्यावरच्या विजेच्या तारा आधी नकाशावर मांडा. बांधकाम परवान्याची चौकशीही त्याच टप्प्यावर, खोदल्यावर नाही.

ओलावा

सगळे पूल गळण्याची भीती बाळगतात. रिकामा पूल तरंगून वर येऊ शकतो, हे फारच थोड्यांच्या गावी असतं.

तुमच्या टाकीचं वजन काढू. राफ्ट ८.४ × ४.४ × ०.२ = ७.४ घनमीटर. भिंती २४.८ मीटर परिघ × ०.२ × १.५ = ७.४ घनमीटर. मिळून १४.८ घनमीटर काँक्रीट, घनमीटरला अडीच टन धरून ३७ टन. तळाचं क्षेत्र ३७ चौरस मीटर. म्हणजे भूजल राफ्टच्या तळापासून फक्त १ मीटर वर चढलं की खालून लागणारा दाब ३७ टन होतो आणि रिकामी टाकी तोलावर येते. प्लास्टर-टाइलचे चार टन जोडले तर आणखी अकरा सेंटिमीटरची सवड, बस. टाकीची सरासरी उंची तळापासून १.७ मीटर आहे, तेव्हा जमिनीखाली ६०-७० सेंटिमीटरवर पाणी आलं की धोका. पावसाळ्यात बऱ्याच ठिकाणी ते येतं.

पाणी भरलेलं असताना प्रश्न नाही, आतले ४३ टन ते दाबून धरतात. धोका दोनदा: बांधकाम संपून भरण्याआधी, आणि पुढे साफसफाईसाठी उपसताना.

उपाय स्वस्त आहेत, पण वेळेवर करायचे. खोदण्याआधी जागेवर अडीच-तीन मीटरचं चाचणीचं भोक घ्या, तेही पाऊस संपता संपता, कारण उन्हाळ्यातलं कोरडं भोक फसवतं. राफ्टखाली १५० मिमी खडी, त्यात भोकांचा पाइप, आणि तो टाकीबाहेरच्या एका उभ्या पाइपाला जोडलेला. त्या उभ्या पाइपात दोरी सोडली की भूजल कुठे आहे ते कधीही कळतं आणि गरज पडली तर तिथूनच पंपाने उपसता येतं. मेन ड्रेनमध्ये (तळातलं पाणी ओढणारं तोंड) हायड्रोस्टॅटिक व्हॉल्व्ह बसवा, बाहेरचा दाब वाढला की तो उघडून भूजल आत घेतो. भूजल खरंच उथळ असेल तर राफ्ट चारी बाजूंनी ३०० मिमी बाहेर काढा. त्या कडेवर बसणारी माती, पाण्यात बुडालेलं वजन धरूनही, दहा टनांच्या आसपास दाब देते. हा निर्णय मात्र खोदण्याआधीचा, कारण खड्डाही तेवढा वाढतो.

खणकर

+१. आणि पाणी लागलंच तर उपसणीचा पंप आणि त्याचं इंधन कोणाच्या खाती, हेही लिहून घ्या. ‘पाणी उपसणे: मालकाकडे’ हे वाक्य कोटेशनच्या शेवटच्या पानावर बारीक टायपात सापडतं.

निळाई

तरंगण्याचं डोक्यातच नव्हतं. मग फायबरग्लासची तयार टाकी अजून हलकी, ती तर लगेच उचलली जाईल?

ओलावा

जाईल. म्हणून फायबरग्लास टाकी कधी रिकामी ठेवायची नाही. बसवतानाही आत पाणी आणि बाहेर भराव दोन्ही बरोबरीने चढवायचे, ३०० मिमीचा एक टप्पा. पाणी पुढे गेलं तर भिंत बाहेर फुगते, भराव पुढे गेला तर आत दबते. एकदा पोट सुटलं की सुटलं.

बाकी त्याचे फायदे खरे आहेत. जागेवरचं काम आठवड्यांत उरकतं, टाइलचे सांधे नाहीत, शेवाळ कमी धरतं. मर्यादा वाहतुकीची: टाकी अखंड येते, त्यामुळे रुंदी चार-साडेचार मीटरच्या पुढे जात नाही, आणि घरावरून उचलायची वेळ आली तर मोठी क्रेन. तुमच्या ८ × ४ ला दोन्ही पर्याय खुले आहेत. तिसरा व्हिनाइल लायनरचा, सुरुवातीला स्वस्त, पण दर दहा वर्षांच्या आत-बाहेर लायनर बदलायचा खर्च धरूनच तुलना करा.

गिलावा

आरसीसी करणार असाल तर या ओळी तपासा.

काँक्रीट एम३० दर्जाच्या (मजबुतीचा आकडा) खाली नको. सळईचा ढोबळ ताळा: १० मिमी सळई, १५० मिमी अंतराने, दोन्ही दिशांना आणि दोन्ही अंगांना. १० मिमीचं वजन मीटरला ०.६१७ किलो, त्यावरून चौरस मीटरला साडेसोळा किलो. लॅप (सळयांची एकमेकींवर चढवलेली टोकं), कोपरे, खुर्च्या (वरची जाळी उचलून धरणारे आधार) धरून घनमीटरला शंभर किलो, म्हणजे एकूण दीड टन. कोटेशनमध्ये आठशे किलो दिसले तर एकतर जाळी एकेरी आहे किंवा अंतर दुप्पट. खरं डिझाइन स्ट्रक्चरल इंजिनियरचंच, हा आकडा फक्त प्रश्न विचारण्यापुरता. पाण्याच्या बाजूला कव्हर (सळईवरचं काँक्रीट) ४० मिमीच्या खाली नको, आणि कव्हर ब्लॉक म्हणून दगडाचे तुकडे तर नकोच.

आता जिथे बहुतेक पूल गळतात ती जागा. राफ्ट आधी ओततात, भिंत नंतर. या दोन ओतकामांमधला सांधा म्हणजे २४.८ मीटर लांबीची आयती फट. तिथे १५० मिमी रुंद पीव्हीसी वॉटरबार (पाणी अडवणारी पट्टी) हवा: अर्धा राफ्टच्या वर काढलेल्या किकरमध्ये (भिंतीच्या बुंध्याची बुटकी कड), अर्धा भिंतीत. कोपऱ्यात तो वाकवून चालत नाही, गरम पात्याने वितळवून जोडायचा. ओतताना काँक्रीटच्या वजनाने वॉटरबार आडवा लोळतो आणि त्याच्याखाली पोकळी राहते, म्हणून दर ३०० मिमीवर बाइंडिंग वायरने तो सळईला दोन्ही बाजूंनी ताणून बांधा. भिंत ओतण्याआधी किकरचा माथा छिन्नीने खरवडून खडी उघडी करायची, भुसा, माती, तारेचे तुकडे हवेने उडवायचे, मग ओलं करायचं. हे अर्ध्या दिवसाचं काम आहे आणि पहिली काटछाट इथेच होते.

भिंतीतून जाणाऱ्या प्रत्येक पाइपाला पडल फ्लँज (काँक्रीटमध्ये गाडली जाणारी, पाणी अडवणारी चकती). नंतर भोक पाडून पाइप घालणे आणि भोवती सिमेंट लिंपणे याला काम म्हणत नाहीत.

भिंत एका दमात ओता. मधे दोन तास काँक्रीटची गाडी आली नाही की कोल्ड जॉइंट (आधीच्या आणि नंतरच्या काँक्रीटमधला कच्चा सांधा) पडतो आणि टाइल लावल्यावर तो दिसतही नाही.

नळजोड

पाइपाबद्दल मी बोलतो, कारण इथे पैसे वाचवणं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात महाग.

घरच्या पुलाचं पाणी सहा तासांत एकदा फिल्टरमधून जावं, म्हणजे ४३.२ ÷ ६ = ताशी ७.२ घनमीटर. वाळूचा फिल्टर ६०० मिमी व्यासाचा घेतला तर क्षेत्र ०.२८ चौरस मीटर, पाण्याचा वेग ताशी २५ मीटर, वाळू नीट काम करते. बॅकवॉशला (वाळू धुवायला पाणी उलटं सोडणं) मात्र ताशी ४५ मीटरच्या आसपास वेग लागतो, नाहीतर वाळू उचलली जात नाही. त्यासाठी पंप ताशी १२-१३ घनमीटरचा हवा. पंप निवडायचा तो या आकड्यावर, ‘दीड एचपी घ्या, काळजी नको’ यावर नाही.

आता ताशी १२ घनमीटर ५० मिमी पाइपातून ओढले तर वेग सेकंदाला दोन मीटरच्या वर. ६३ मिमीत तो १.३ मीटर. सक्शनला (पंपाकडे ओढणारा पाइप) दीडच्या वर जाऊ नये, पंप खडखडतो आणि सील लवकर जातं. म्हणून सक्शन ६३ मिमी, रिटर्नही (पुलात परत येणारा पाइप) शक्यतो ६३. फरकाची रक्कम एकूण खर्चात दिसणारही नाही. पाइप मात्र एकदा काँक्रीटखाली गेला की परत हात लागत नाही.

स्किमर (पाण्यावर तरंगणारा कचरा ओढणारं काठातलं तोंड): २५ चौरस मीटरला एक. तुमचं पृष्ठ ३२, म्हणजे दोन, वारा जिकडे वाहतो त्या बाजूला, कारण पानं तिकडेच जमतात. रिटर्न समोरच्या बाजूला, तीन-चार.

मेन ड्रेन दोन, एकमेकांपासून किमान एक मीटर, एकाच पाइपाला समान अंतरावर जोडलेले आणि झाकणं फुगीर, अडकरोधक. एकच ड्रेन असला आणि त्यावर अंग किंवा केस अडकले की पंपाची सगळी ओढ त्या एका जागी येते. अमेरिकेत अशाच एका सात वर्षांच्या मुलीच्या मृत्यूनंतर २००७ साली ड्रेनच्या झाकणांसाठी कायदा झाला. यावर घासाघीस नको.

गिलावा

आणि पाइपांची दाबचाचणी कधी? काँक्रीट ओतण्याआधी ना?

नळजोड

आधी आणि ओततानाही. सगळी तोंडं बंद करून दोन बार दाब, २४ तास. मग गेज तसंच ठेवून ओतकाम. व्हायब्रेटरची सुई पाइपाला लागली किंवा कुणी एल्बोवर पाय दिला तर काटा तिथल्या तिथे पडतो आणि ओलं काँक्रीट बाजूला सारून दुरुस्ती होते. गेज काढून ओतलं तर हेच टाइल लागल्यावर कळतं.

लाटेश्वर

सगळं जमिनीखालचंच चाललंय. दिसण्याचंही बोला की. स्किमरऐवजी ओव्हरफ्लो करा, पाणी थेट काठाला भिडतं, आरशासारखं दिसतं.

नळजोड

दिसतं छानच. पण लाटेश्वर, त्याचं बिलही मांडा. चारी बाजूंनी चॅनल आणि जाळी, चॅनलची वेगळी पाइपलाइन, शिवाय सांडलेलं पाणी झेलणारी बॅलन्सिंग टँक. आठ माणसं उतरली तर माणशी ७५ लिटरने ६०० लिटर बाहेर पडतं. काठावरून वाहणारा १०-१५ मिमीचा थर चारेकशे लिटर, बॅकवॉशला ६००, आणि पंप हवा ओढू नये म्हणून तळाशी राखीव साठा. अडीच-तीन घनमीटरची आणखी एक वॉटरप्रूफ टाकी झाली. वर काठ चारी बाजूंना दोन-तीन मिमीत समतल हवा, नाहीतर पाणी एकाच बाजूने सांडतं आणि बाकीचा काठ कोरडा. पहिल्या पुलाला मी स्किमरच सांगेन.

हिशेबी

निळाई, अंदाजपत्रकाची वही अशी मांडा: जे पुरलं जाणार ते एका पानावर, जे वर राहणार ते दुसऱ्या. कात्री लावायचीच तर दुसऱ्या पानाला. दिवा, टाइल, हीटर पुढेही बदलता येतात. हीटर, मीठ क्लोरिनेटर, धबधबा आज नको असतील तरी त्यांच्या पाइपांची टोकं आणि केबलच्या स्लीव्ह आत्ता टाकून बूच मारून ठेवा.

डेक लोक कायम कमी धरतात. चारी बाजूंनी १.२ मीटरचा डेक म्हणजे १०.४ × ६.४ वजा ३२ = साडेचौतीस चौरस मीटर, पुलापेक्षा जास्त. दोन बाजूंना रुंद आणि दोन बाजूंना अरुंद केला तर बरंच वाचतं. उतार पुलापासून बाहेर, पन्नासात एक. ताज्या भरावावर डेक लगेच टाकू नका. भराव २०० मिमीच्या थरांत ठोकलेला नसेल तर पहिल्याच पावसाळ्यात खचतो आणि कोपिंगजवळ (पुलाच्या काठावरची फरशी) तडा जातो.

टाइल: तळ ३२, भिंती ३६, एकूण ६८ चौरस मीटर. दहा टक्के वाया धरून ७५ मागवा, त्याच बॅचच्या.

कोटेशनांत हमखास नसलेल्या गोष्टी: पंपघर, मुख्य बोर्डापासूनची केबल, कुंपण, बॅकवॉशचं पाणी सोडायची जागा, क्युरिंगचं आणि चाचणीचं पाणी, पहिली रसायनं, व्हॅक्यूम आणि ब्रश. कुंपण १.२ मीटर उंच, गजांतलं अंतर १०० मिमीच्या आत, फाटक बाहेर उघडणारं आणि आपोआप मिटणारं. घरात लहान मुलं असोत-नसोत, ते पहिल्या पानावर.

या सगळ्यावर राखीव पंधरा टक्के. चाचणीच्या भोकात खडक किंवा पाणी दिसलं तर वीस.

हप्ते दिवसांवर नको, चाचण्यांवर बांधा: दाबचाचणी पास, मग काँक्रीटचा हप्ता. पाणीचाचणी पास, मग वॉटरप्रूफिंगचा.

अर्धाइंच

विजेचं राहिलं. दिवे १२ व्होल्टचे, ट्रान्सफॉर्मर पाण्याच्या कडेपासून साडेतीन मीटरच्या पलीकडे, पंपाच्या सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच). टाकीची सळई, शिडी, रेलिंग, दिव्याची धातूची पेटी, पंप हे सगळं एका तांब्याच्या वायरने एकत्र जोडायचं. ही जोडणी ओतकामाआधीच होते, म्हणून इलेक्ट्रिशियनला सेंटरिंगवाल्याच्या बरोबरीने बोलवा.

निळाई

पाणीचाचणी म्हणजे नक्की काय? आणि ती वॉटरप्रूफिंगच्या आधी?

गिलावा

आधी, आणि भरावाच्याही आधी, भिंतींची बाहेरची बाजू उघडी असताना. भूजल वर असेल तर त्या काळात खड्ड्यातली उपसणी चालू ठेवायची. २८ दिवस क्युरिंग, मग नुसती काँक्रीटची टाकी भरायची, दिवसाला अर्ध्या ते पाऊण मीटरने. पहिले दोन-तीन दिवस काँक्रीट स्वतःच पाणी पितं, ते मोजू नका. मग सात दिवस लक्ष ठेवा. बाहेरून ओल दिसली त्या जागेला खडूने गोल.

बाष्पीभवन वजा करायला बादली. बादलीत पुलाचं पाणी भरून ती पुलाच्याच पायरीवर किंवा स्टुलावर ठेवा, काठ पाण्याच्या वर राहील अशी. आत आणि बाहेर दोन्ही पातळ्यांवर टेपची खूण. २४ तासांनी दोन्ही खुणा सारख्या उतरल्या तर ते ऊन-वारा. पूल जास्त उतरला तर तेवढी गळती: तुमच्या पुलात एक मिमी म्हणजे ३२ लिटर. एकदा पंप बंद ठेवून आणि एकदा चालू ठेवून करा (नुसत्या टाकीच्या वेळी पंप नसतो, पण पुढे कामी येईल). चालू असतानाच जास्त उतरत असेल तर गळती रिटर्नच्या पाइपात.

मग दुरुस्ती, सिमेंट-पॉलिमर वॉटरप्रूफिंगचे दोन हात आडवे-उभे, मग पाण्याखाली चालणारं लवचीक टाइल ॲडहेसिव्ह आणि इपॉक्सी ग्राउट. ओल्या काँक्रीटवर घाईने लावलेली टाइल पोकळ वाजते, नाणं ठोकून बघा.

लाटेश्वर

मीठवाला घ्या, रसायनांची कटकटच नाही.

ओलावा

मिठातूनच क्लोरीन बनतं, कटकट फक्त जागा बदलते. लिटरला ४ ग्रॅमने तुम्हाला १७० किलो मीठ, क्लोरीन बनवणारा सेल काही वर्षांनी बदलायचा, पीएच सतत वर चढतो, आणि चुनखडीच्या दगडाचं कोपिंग असेल तर ते झिजतं.

साध्या क्लोरीनचा हिशोब: १ पीपीएम (दहा लाखांत एक भाग) म्हणजे तुमच्या पुलात ४३ ग्रॅम क्लोरीन, ६५ टक्क्यांच्या कॅल्शियम हायपोक्लोराइटचे ६६ ग्रॅम. पीएच ७.२ ते ७.६, मुक्त क्लोरीन १ ते ३, सायन्युरिक ॲसिड (उन्हात क्लोरीन टिकवणारं) ३० ते ५०. ट्रायक्लोरच्या गोळ्या सोयीच्या, पण १ पीपीएम क्लोरीनमागे ०.६ पीपीएम सायन्युरिक ॲसिड मागे राहतं. रोज २ पीपीएम टाकलं तर महिन्यात ३६. ते उडत नाही, साठत जातं, आणि फार झालं की क्लोरीन असूनही पाणी हिरवं पडतं. मग पाणी उपसा. आणि उपसायचं म्हटलं की आधी त्या उभ्या पाइपात दोरी सोडा.

कॅल्शियम हायपोक्लोराइट आणि ट्रायक्लोर हे दोन क्लोरीन एका डब्यात, एका चमच्याने कधीच नाही. एकत्र आले तर पेट घेतात, स्फोटही होतो.

हिशेबी

चालू खर्चाच्या रकान्यात: उन्हाळ्यात दिवसाला ५ मिमी बाष्पीभवन म्हणजे १६० लिटर, प्रत्येक बॅकवॉशला सहाएकशे लिटर. वीज: एक किलोवॉटचा पंप पूर्ण वेगाने एक फेरा ३.६ तासांत करतो, साडेतीन युनिट. व्हेरिएबल स्पीडचा पंप अर्ध्या वेगाने तेच काम दुप्पट वेळात, पण सव्वा युनिटच्या आसपास, कारण वेग अर्धा झाला की शक्ती सिद्धांतात एक-अष्टमांश होते. बॅकवॉशपुरता पूर्ण वेग. हा एक जिन्नस मी दुसऱ्या पानावरून पहिल्या पानावर नेईन.

निळाई

भोक घ्यायचं पक्कं, ते झाल्याशिवाय कोटेशनवर सही नाही. स्किमर दोन, ६३ मिमी पाइप, धबधब्याची फक्त स्लीव्ह. शेवटचा प्रश्न: पहिलं भरणं नळाने की टँकरने?

नळजोड

मिनिटाला १५ लिटरचा नळ असेल तर बरोबर ४८ तास. टँकरचं पाणी घेतलं तर आधी कॅल्शियम आणि लोह तपासा. लोहाच्या पाण्यात क्लोरीन पडलं की टाइलवर तपकिरी डाग. कसंही भरा, पण मीटर लावून भरा आणि आकडा पंपघराच्या दारामागे ऑइल पेंटने लिहून ठेवा. कागदावरचे ४३,२०० प्रत्यक्षात ४२,००० निघतात नाहीतर ४५,०००, आणि पुढची प्रत्येक मात्रा त्याच आकड्यावर काढायची असते.